सोनेरी चाप

टेबलावर जाड राखाडी फडकं अंथरलेलं होतं. विक्रेत्यांनी कपाटातून पिस्तूल काढलं, मॅगझिन, म्हणजे मुठीतली काडतुसांची पेटी, ओढून बाजूला ठेवलं, वरचा सांधा उचलून नळीचं मागचं तोंड उघडं केलं आणि आत करंगळी घालून रिकामं असल्याची खात्री करून घेतली. मग मला तेच करायला लावलं. त्यानंतरच ते फडक्यावर टेकवलं. खिडकीतून तिरपा उजेड येत होता. काळंनिळं, गुळगुळीत, आरशासारखं अंग, आणि त्यावर चारपाच ठिकाणी पिवळाधमक रंग. चाप पिवळा, सेफ्टीची कळ पिवळी, मॅगझिन सोडायचं बटण पिवळं, पिस्तूल उघडायची बाजूची खिट्टीसुद्धा पिवळी.

"बाबांना तो सोनेरी चाप फार आवडायचा," मैत्रीण म्हणाली.

मलाही आवडला. फोटोत पाहिला होता तेव्हाच आवडला होता, आणि त्या आवडण्याच्या भरात मी फोनवर तिला एक आकडा सांगून मोकळा झालो होतो.

आता माझा यात संबंध काय, ते सांगतो. मी नाणी जमवतो. शस्त्रांशी माझं काही देणंघेणं नाही. पण एखादा माणूस जुनं काहीतरी जमवतो एवढं कळलं की ओळखीतल्या सगळ्या माळ्यांवरच्या ट्रंका त्याच्यासमोर उघडल्या जातात. घड्याळ बघ, दिवा बघ, ही तलवार खरी का ते बघ. मैत्रिणीचे बाबा, म्हणजे माझे काका, गेले, त्यांच्या नावावर परवाना असलेलं पिस्तूल रीतसर या विक्रेत्यांकडे जमा झालं, आणि काकूंना ते परत घरात नको होतं. विकायचं तर केवढ्याला? विक्रेते सांगतील तो आकडा खरा कशावरून? म्हणून मैत्रिणीने मला गाठलं. "तू जुन्या वस्तूंचं बघतोस ना, एवढं बघून दे."

मी इंटरनेटवर तसंच दिसणारं पिस्तूल शोधलं, त्यापुढे लिहिलेल्या किमती पाहिल्या, मधली एक उचलली आणि तिला कळवली. नाण्यांच्या बाबतीत कोणी असं केलं असतं तर मी त्याला हसलो असतो.

पिस्तूल लुगरचं होतं. जर्मन सैन्याने १९०८ साली स्वीकारलं म्हणून त्याला पी-०८ म्हणतात. मूळ कल्पना ह्यूगो बोर्चार्डच्या १८९३ सालच्या पिस्तुलाची. ते हातात धरायला अवजड होतं. गेऑर्ग लुगरने ते आटोपशीर केलं, मूठ तिरकी केली, आणि १९०० साली स्विस सैन्याने, १९०४ साली जर्मन नौदलाने ते घेतलं. गोळी सुटली की वरचा सांधा गुडघ्यासारखा दुमडून वर उठतो, रिकामं काडतूस फेकतो आणि परत सरळ होताना पुढचं काडतूस आत ढकलतो. हा उठणारा गुडघा एकदा पाहिला की हे पिस्तूल दुसऱ्या कुठल्याही पिस्तुलाशी गल्लत होत नाही. दिसायला देखणं, घडवायला किचकट, बनलं मात्र लाखोंनी. दोन महायुद्धांत हरलेल्या सैन्याचं शस्त्र असल्यामुळे जिंकलेल्या सैनिकांनी ते आठवण म्हणून खिशात घालून जगभर नेलं. म्हणजे लुगर दुर्मीळ नाही. ठरावीक लुगर दुर्मीळ आहे. सगळा हिशोब या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत चालतो.

काका सांगायचे, हे १९४२ सालचं. कारण वरच्या सांध्यावर ठसठशीत '४२' कोरलेलं आहे. विक्रेत्यांनी भिंग माझ्या हातात दिलं आणि नळीच्या मागच्या फुगीर भागावर बोट ठेवलं. तिथे '१९४०' होतं.

"मग हे बेचाळीस?"

"ते कारखान्याचं टोपणनाव."

पहिल्या महायुद्धानंतरच्या तहाने जर्मनीच्या शस्त्रनिर्मितीवर बंधनं घातली होती. तिशीच्या दशकात पुन्हा जोरात उत्पादन सुरू झालं तेव्हा कोण बनवतंय आणि किती, हे लपवायला सांकेतिक खुणा आल्या. माउझर कारखान्याची खूण 'एस/४२', पुढे नुसतंच '४२', आणि त्याही पुढे 'बीवायएफ'. सुरुवातीला सालही लपवलेलं असे. 'के' म्हणजे १९३४, 'जी' म्हणजे १९३५. नंतर लपवाछपवीची गरज उरली नाही आणि साल उघड छापलं जाऊ लागलं. तेव्हा '४२'ची खूण असलेलं पिस्तूल १९४० सालचं असणं यात काहीच वावगं नाही. वावगं एवढंच की काकांनी कितीतरी वर्षं पाहुण्यांना चुकीचं साल सांगितलं. आकडा समोर दिसला की तो सालच असणार असं आपल्याला वाटतं. नाण्यांवर मी हाच गोंधळ शंभरदा पाहिलाय.

मग आली नंबरांची बारी. लुगरच्या अंगावर इतके नंबर असतात की ते वाचणं हाच एक उद्योग. चौकटीवर पूर्ण नंबर आणि त्याखाली एक लहान अक्षर. नळीखाली पुन्हा पूर्ण नंबर. बाकी सुट्या भागांवर त्याच नंबराचे शेवटचे दोन आकडे : सांध्याचे तुकडे, बाजूची पट्टी, चाप, खिट्टी, सेफ्टीची पट्टी. त्या काळी प्रत्येक भाग त्याच पिस्तुलात हाताने घासूनपुसून बसवलेला असायचा. चार पिस्तुलं एकत्र खोलली तर कुठला तुकडा कुणाचा हे कळावं म्हणून ही व्यवस्था. कारागिराच्या सोयीसाठी केलेली खूण, आणि आज किमतीचा निम्मा पाया तीच. एक तुकडा वेगळ्या नंबराचा निघाला तरी संग्राहकाचा चेहरा पडतो.

आमच्या पिस्तुलाचे शेवटचे आकडे ६१. विक्रेते एकेक भाग दाखवत गेले, मी वहीत खूण करत गेलो. ६१, ६१, ६१. चापावर ६१. खिट्टीवर ६१. मला उगाचच आनंद होत होता, हाऊजीत ओळ पुरी होत आल्यावर होतो तसा. मग मॅगझिनचा तळ उलटा केला. तिथे १८.

मॅगझिन वेगळ्याच पिस्तुलाचं. हे फार सर्रास होतं. सैन्याकडून पिस्तुलासोबत दोन मॅगझिन मिळत, दोन्हींवर पिस्तुलाचाच नंबर, दुसऱ्यावर अधिकचं चिन्ह. पण मॅगझिन पडतं, हरवतं, रात्रीच्या अंधारात शेजारच्याचं उचललं जातं. म्हणून जुळणारं एक मॅगझिन सापडलं तरी किंमत चढते, आणि दोन्ही सापडली तर विकणारा लगेच खुर्चीत सरसावून बसतो.

पूर्ण नंबराबद्दल मैत्रिणीने विचारलं, "चार आकडीच आहे. म्हणजे सुरुवातीचं असेल ना?" तसं नसतं. लष्करी लुगरचे नंबर दर वर्षी नव्याने सुरू होत. दहा हजार झाले की खाली 'ए' लावून पुन्हा एकपासून, मग 'बी', असं पुढे. तेव्हा नंबराखालचं लहान अक्षर वाचलं नाही तर नंबर वाचूनही उपयोग नाही. तोच चार आकडी नंबर त्याच वर्षी अनेकदा येऊन गेलेला असतो.

इथवर आमचं पिस्तूल बऱ्यापैकी उत्तीर्ण होत होतं. माझा फोनवरचा आकडा अजून शाबूत होता.

विक्रेत्यांनी खुर्ची मागे सरकवली आणि विचारलं, "तुम्ही नाण्यांतले ना? मग तुम्हीच सांगा, या पिस्तुलात काय खटकतं?"

मी पिस्तूल उजेडाकडे तिरकं धरलं. नाणं बघताना आधी चित्र बघायचं नसतं, आधी पृष्ठभाग बघायचा असतो. टाकसाळीतून निघालेल्या नाण्यावर एक जिवंत झळाळी असते, ती उजेडात फिरवली की चाकाच्या आऱ्यांसारखी फिरते. कोणी ते नाणं ब्रासोने घासलं की चकाकी वाढते आणि झळाळी मरते. माझ्याकडे पहिल्या वर्षात घासलेली अशी सात नाणी अजून आहेत. मीच घासली होती, रविवारी सकाळी, मोठ्या प्रेमाने. आमच्यात म्हणतात, घासलं की संपलं.

त्या नजरेने पाहिल्यावर पिस्तूल हळूहळू बोलायला लागलं. कडा आधी. लुगरच्या सपाट बाजूंच्या कडा बोटाला जाणवाव्यात इतक्या स्पष्ट असायला हव्यात. इथे त्या साबणाच्या वडीसारख्या गोल झाल्या होत्या. बफच्या चाकावर धरलेल्या लोखंडाची कड अशीच विरघळते. मग अक्षरं. ठसे उथळ झालेले, एका गरुडाच्या शिक्क्याचा पंख जवळजवळ पुसलेला. मग उजव्या बाजूला, मुठीच्या वर, एक बारीकसा खड्डा. जुन्या गंजाने खाल्लेला. खड्ड्याच्या तळाशी मी भिंग धरलं. तिथेही तसाच सुरेख निळा रंग.

हे नीट पाहण्यासारखं आहे. रंग आधी असतो आणि गंज नंतर लागतो, तेव्हा गंज रंगाला खाऊन खड्डा करतो. त्याच्या तळाशी तपकिरी किंवा करडं लोखंड दिसलं पाहिजे. खड्ड्याच्या आतही रंग असेल, तर खड्डा आधी पडला आणि रंग नंतर चढला. क्रम उलटा झाला की गोष्ट फुटते. काही काळच्या पिस्तुलांवर शिक्के रंगानंतर मारलेले असत. तिथे ठोक्याने उचललेल्या धातूची बारीक उजळ कडा शिक्क्याभोवती दिसते, दिव्याभोवती वलय दिसावं तशी. फेररंग दिला की ती कायमची जाते आणि ती परत आणणं महाकठीण.

"सेफ्टी फिरवा," विक्रेते म्हणाले.

कळ खाली केली की डाव्या बाजूला 'सुरक्षित' या अर्थाचा जर्मन शब्द उघडा पडतो. कारखान्यात त्या शब्दाखालची जागा रंगवत नसत. घासून पांढरी ठेवत, म्हणजे शब्द चटकन वाचता यावा. आमच्या पिस्तुलात ती जागाही निळी होती. ज्याने रंग दिला त्याने सगळं अंग एकदम बुडवलं, बारकावे बघितले नाहीत.

आणि मग तो चाप.

पोलाद तापवलं की त्याच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर येतो आणि थराच्या जाडीनुसार रंग बदलत जातो. सुमारे २२० ते २३० अंश सेल्सिअसला वाळलेल्या गवतासारखा पिवळा, पुढे तपकिरी, जांभळा, आणि ३००च्या आसपास निळा. जुन्या लुगरवर लहान भाग असे पिवळे केलेले असत, म्हणूनच सोनेरी चाप ही लुगरची ओळख होऊन बसली. पण हा थर इतका पातळ की बोटाच्या सततच्या स्पर्शाने तो विरतो. खऱ्या वापरलेल्या पिस्तुलावर चापाच्या मधोमध करडं लोखंड दिसतं आणि पिवळेपणा फक्त कोपऱ्याकोपऱ्यांत उरतो.

हे झालं एक. दुसरं जास्त वाईट होतं. माउझरने १९३७ साली ही पद्धत बंद केली. त्यानंतर लहानमोठे सगळे भाग एकाच निळ्या रंगात निघू लागले. हे पिस्तूल १९४० सालचं. त्याच्यावर पिवळा चाप कधी नव्हताच.

म्हणजे जे सगळ्यात सुंदर होतं तेच सगळ्यात खोटं होतं. फसवणूक मी म्हणणार नाही. कोणीतरी प्रेमाने लुगरला त्याच्यापेक्षा जास्त लुगर केलं होतं.

"किती गेले?" मैत्रिणीने थेट विचारलं.

संग्राहकांत ढोबळ समजूत अशी की मूळ रंग गेला की किंमत निम्म्यावर, कधी त्याहूनही खाली. सरळ बेरीज-वजाबाकी इथे चालत नाही. नंबर जुळतात म्हणून इतके वाढवा, मॅगझिन जुळत नाही म्हणून इतके कमी करा, असं करत गेलं तर शेवटी किराणा दुकानाचं बिल तयार होतं, किंमत होत नाही. मूळ रंग शाबूत असता तर जुळणाऱ्या नंबरांनी उडी मारली असती. रंग गेल्यावर तेच नंबर एवढंच सांगतात की एके काळी हे चांगलं पिस्तूल होतं. पिस्तुलाची अवस्था सांगायला 'उत्कृष्ट', 'फार चांगली', 'चांगली', 'बरी' अशा ठरलेल्या पायऱ्या आहेत, अमेरिकेतल्या रायफल असोसिएशनने लावून दिलेल्या, आणि लिलाववाले त्या वापरतात. पण त्या पायऱ्यांवर चढण्याआधी दारातच विचारतात : रंग मूळचा का? नाही म्हटलं की रांगच वेगळी.

इथे माझी एक तक्रार आहे. या बाजारात निष्काळजीपणाला बक्षीस आहे. ज्याने पिस्तूल कापडात गुंडाळून ट्रंकेत टाकलं आणि विसरला, त्याच्या वारसाला जास्त पैसे. ज्याने दर महिन्याला काढून पुसलं, पॉलिश केलं, त्याच्या वारसाला कमी. नाण्यांतही तेच. तर्क मला कळतो : मूळ रंग एकदाच असतो, नवा कितीही वेळा देता येतो. तरी पटत नाही पूर्ण. शुद्धतावादी मंडळी तर तेल लावतानाही हात आखडता घेतात आणि डोळ्यांदेखत गंज वाढू देतात, त्याला मी शहाणपण म्हणणार नाही. पण बाजार माझ्या पटण्यावर चालत नाही.

मैत्रिणीने शेवटचा हुकमाचा पत्ता टाकला. "पण हे एका जर्मन अधिकाऱ्याचं होतं. आजोबांना ज्यांनी दिलं त्यांनी स्वतः सांगितलं होतं."

विक्रेते हसले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. जगात आलेलं प्रत्येक लुगर अधिकाऱ्याचंच असतं, साध्या शिपायाने ते कधी हातात धरलेलंच नसतं, असं गोष्टींवरून वाटतं. संग्राहकांचा पहिला धडा असा की पिस्तूल विकत घ्या, गोष्ट विकत घेऊ नका.

पण गोष्टीला किंमत नसते असं मात्र नाही. कवी पॉल व्हर्लेनने १० जुलै १८७३ रोजी ब्रुसेल्समध्ये ज्या रिव्हॉल्व्हरने आपल्या कवी मित्रावर, आर्थर रँबोवर, गोळी झाडली, ते २०१६ साली पॅरिसच्या लिलावात ४,३४,५०० युरोला गेलं. लफोशे बनावटीचं, सात मिलिमीटरचं, सहा बारी. तसली रिव्हॉल्व्हरं त्या काळी ढिगाने बनत, आणि नुसतं तसलं एखादं घ्यायला संग्राहकाला फार मोठी थैली लागत नाही. तीन वर्षांनी, २०१९ मध्ये, पॅरिसमध्येच आणखी एक लफोशे लिलावात आलं, तेही सात मिलिमीटरचं. ते गंजून इतकं खंगलेलं की मुठीचं लाकूडही उरलं नव्हतं. विन्सेंट व्हॅन गॉगने जुलै १८९० मध्ये ज्या शेतात स्वतःवर गोळी झाडली असं मानतात, तिथे कित्येक दशकांनी ते शेतकऱ्याच्या हाती लागलं. गोळीचा आकार जुळतो, जमिनीत राहिल्याचा काळ जुळतो. तरी ते त्याचंच, असं छातीठोक कोणी सांगू शकत नाही, सगळे 'बहुधा' म्हणतात. त्याला १,६२,५०० युरो मिळाले, अंदाजापेक्षा बरेच जास्त. दोघांची जात एक, नळीचं माप एक, आणि चित्रकार तर कवीपेक्षा जगाला जास्त माहीत. मधलं अडीच लाखांहून जास्त युरोंचं अंतर मला त्या 'बहुधा'चं वाटतं. गंजाने त्यातले फार थोडे खाल्ले असतील.

आणि 'बहुधा' पुसायला काय लागतं? कागद. शेरीफ पॅट गॅरेटने १८८१ साली बिली द किड या कुख्यात गुंडाला कोल्ट कंपनीच्या ज्या रिव्हॉल्व्हरने मारलं, ते ऑगस्ट २०२१ मध्ये साठ लाख डॉलरच्या वर विकलं गेलं. गंमत अशी की गॅरेटच्या मृत्यूनंतर ते दुसऱ्याकडेच राहिलं होतं आणि त्याच्या विधवेला ते परत मिळवायला कोर्टात जावं लागलं. ती जिंकली. बाईला त्या वेळी केवढा मनस्ताप झाला असेल. पण हेच ते पिस्तूल, हे शपथेवर सिद्ध झालेलं त्या खटल्यात कायमचं नोंदलं गेलं. भांडण झालं नसतं तर इतका भक्कम पुरावा बहुतेक झाला नसता.

इतकं मोठं नको. अमेरिकन सैनिक युद्धातून पिस्तूल घरी नेत तेव्हा वरिष्ठाच्या सहीचा एक कागद सोबत लागे, हे शस्त्र शत्रूकडून मिळालेलं, नेण्यास हरकत नाही, अशा अर्थाचा. त्यावर पिस्तुलाचा नंबर असेल तर तो पिवळा पडलेला चिठोराही भाव वाढवतो. कोल्ट कंपनी आपल्या जुन्या वह्यांतून अमुक नंबराचं पिस्तूल कुठल्या तारखेला, कुठल्या रंगात, कोणाकडे पाठवलं याचं पत्र पैसे घेऊन देते. अशा कागदाने पिस्तूल बदलत नाही, ते फक्त बोलायला लागतं.

मैत्रिणीकडे असा कागद नव्हता. निदान त्या दिवशी तरी.

दुर्मिळतेबद्दल तिने विचारलं नाही, पण मीच सांगत बसलो, कारण मला ती गोष्ट सांगायला आवडते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याचं .४५चं, म्हणजे .४५ इंची गोळीचं, पिस्तूल कोल्टखेरीज इतरांनीही बनवलं. सगळ्यात जास्त बनवली रेमिंग्टन रँडने, म्हणजे टाइपरायटरवाल्यांनी. रेल्वेचे सिग्नल बनवणाऱ्यांनीही बनवली. आणि शिलाई मशिनच्या सिंगर कंपनीने नमुन्यादाखल पाचशे बनवली, फक्त पाचशे, एस ८००००१ पासून एस ८००५०० पर्यंत. पुढे सिंगरला दुसऱ्याच कामाला लावलं गेलं. आज संग्राहक सिंगरच्या एका पिस्तुलासाठी टाइपरायटरवाल्यांच्या कितीतरी पिस्तुलांचे पैसे मोजतात. साहजिकच खोटे सिंगरही फिरतात, कारण दुर्मीळ वस्तूची संख्या दर वर्षी थोडी थोडी वाढतच असते.

दुर्मीळ म्हणजे भाव कायम चढता, असंही नाही. अमेरिकन लष्कराच्या १९०७ सालच्या चाचणीसाठी .४५चं लुगर बनलं होतं, मोजकंच. त्यातलं एक १९८९ साली दहा लाख डॉलरला गेलं आणि तेच त्याचं टोपणनाव झालं. २०१० मध्ये ते पुन्हा लिलावात आलं तेव्हा जेमतेम निम्मे मिळाले. पिस्तूल तेच, रंग तोच, नंबर तोच. एवढंच झालं की पहिल्या वेळी हटून बसलेला माणूस दुसऱ्या वेळी त्या खोलीत नव्हता. बोली चढवायला दोघं लागतात.

माझ्या फोनवरच्या आकड्याचं पुढे काय झालं ते थोडक्यात. मी पाहिलेल्या किमती मागितलेल्या होत्या, मिळालेल्या नव्हत्या. मागायला कोणीही काहीही मागतो आणि ज्याचं विकलं जात नाही त्याची जाहिरात सगळ्यात जास्त दिवस दिसत राहते. मग मी झालेले लिलाव शोधले, तर त्यात दुसरी मेख. काही ठिकाणी हातोडा पडला तो आकडा, काही ठिकाणी त्यावर घेणाऱ्याने लिलावघराला द्यायचा जादा भार धरून, तो पंधरा ते पंचवीस टक्क्यांपर्यंत सहज असतो. विकणाऱ्याची दलाली पुन्हा वेगळी. एका पिस्तुलाच्या तीन किमती, आणि तिन्ही खऱ्या. शिवाय कायदा. अमेरिकेच्या संघीय कायद्यात १८९८ पर्यंत बनलेलं शस्त्र 'अँटिक', त्यानंतरचं नाही. तेव्हा कोल्टचं एकच मॉडेल, एकाच कारखान्यातलं, १८९८चं असेल तर एका बाजारात आणि पुढच्या वर्षीचं असेल तर दुसऱ्या. ब्रिटनने १९९७ साली बहुतेक हँडगनवर बंदी आणली तेव्हा तिथला बाजारच आक्रसला. ज्या बाजारात ही वस्तू कायदेशीरपणे घेऊ शकणारे शंभरच लोक आहेत, तिथे दुसऱ्या खंडातल्या लिलावाचा आकडा दाखवून हुज्जत घालण्यात अर्थ नसतो. मी घातली. विक्रेत्यांनी ऐकून घेतली.

शेवटी कागदावर लिहिलं ते असं : माउझर, १९४०, सुटे भाग जुळणारे, मॅगझिन वेगळं, नळी आतून चांगली, अंग फेररंगवलेलं, लहान भागांवर नंतर चढवलेला पिवळा रंग. त्यापुढे एक आकडा टाकला नाही, खालचा आणि वरचा असे दोन टाकले. वरचाही माझ्या फोनवरच्या आकड्याच्या निम्म्याहून कमी होता. मैत्रीण म्हणाली, "चालेल. निदान कशामुळे ते कळलं."

आठवड्याने तिचा फोन आला. काकांच्या कपाटात, विम्याच्या फायलीत, एक पावती सापडली होती. हाताने लिहिलेली, कुणा कारागिराची. पिस्तुलाचा पूर्ण नंबर, खालच्या अक्षरासकट. सगळं अंग पॉलिश करून नवीन निळा रंग. पाच भाग सोनेरी. खाली रक्कम, आणि ती तेव्हाच्या मानाने चांगलीच मोठी होती. तारीख काकांच्या निवृत्तीच्या महिन्यातली.

"म्हणजे बाबांनीच करून घेतलं," ती म्हणाली. मग बराच वेळ गप्प. मग, "ही पावती दाखवली तर किंमत आणखी पडेल का रे?"

मी म्हटलं, पडायची तेवढी पडून गेली आहे. उलट रंग कोणी, कधी, कुठल्या पिस्तुलावर चढवला हे लिहून असेल तर घेणाऱ्याला बाकीचे नंबर खरे मानायला धीर येतो. पावती पिस्तुलासोबत दे.

"मूळ देऊ? का झेरॉक्स?"

मी मूळ म्हणणार होतो. नाणी जमवणारा माणूस मूळच म्हणणार. तेवढ्यात पलीकडून काकूंचा आवाज आला, कुठली पावती गं, बघू जरा. मैत्रीण म्हणाली, "थांब, मी नंतर करते," आणि फोन ठेवला.

विक्रेत्यांकडच्या पाकिटात सध्या झेरॉक्स आहे.